वलंदेज गेले, कांतोर राहिले

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेत एका ठरावावर सव्वा तास चर्चा झाली. ठराव पैशाचा नव्हता, जागेचाही नव्हता. मंडळाच्या कागदपत्रांवर आजवर 'चिटणीस' म्हणून छापले जाणारे पद यापुढे 'सचिव' म्हणून छापावे की 'कार्यवाह' म्हणून, एवढाच प्रश्न होता. 'चिटणीस' फारसी वळणाचा म्हणून एका पक्षाला नको होता. 'सचिव' सरकारी वाटतो म्हणून दुसऱ्याला. आणि 'कार्यवाह' उच्चारताना अडखळायला होते, असे तिसऱ्याचे म्हणणे. सभेला आलेले बहुतेक सभासद आमच्यासारखेच केंद्र सरकारचे नोकर; दिवसभर इंग्रजी आणि हिंदी टिप्पण्या लिहून थकलेले. तरीही सव्वा तास कोणी जागचे उठले नाही. नोकरीनिमित्त घर सोडून आलेल्या माणसाला पदाच्या नावाविषयी एवढी आस्था का असावी, हा विचार त्या रात्री आमच्या मनातून जाईना. त्या विचाराच्या नादाने आम्ही जो शब्दसंग्रह चाळला तो मराठीचा नव्हे, तर इंडोनेशियाचा आणि मलायाचा. तेथे आमच्या सभेतला वाद एका मोठ्या रंगभूमीवर, दोनशे वर्षांच्या अवधीत, खेळून झालेला आहे. त्याचे निरीक्षण वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम थोडा इतिहास. हॉलंडच्या लोकांस आपल्या पूर्वजांनी 'वलंदेज' म्हटले. वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती, आणि हे नाव मराठीस पोर्तुगीजांकडून मिळाले. त्याच पोर्तुगीजांच्या तोंडून मलायी भाषेने 'बलांदा' हा शब्द घेतला. वलंदेजांची व्यापारी कंपनी १६०२ साली स्थापन झाली. १६१९ साली तिने जावा बेटावर बाताव्हिया वसविले. तेच आजचे जाकार्ता. १६४१ साली तिने मलाक्का पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले. पुढे १८२४ साली इंग्रज आणि वलंदेज यांच्यात तह झाला आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या पाण्यावर जणू रेघ ओढली गेली. रेघेच्या एका बाजूची बेटे वलंदेजांकडे गेली, दुसऱ्या बाजूचा द्वीपकल्प इंग्रजांकडे. दोन्ही तीरांवर व्यापाराची आणि दरबाराची भाषा एकच होती, ती मलायी. तह करणाऱ्यांनी भूमी वाटून घेतली. भाषा वाटली जाईल हा विचारही त्यांच्या मनात नसावा. परंतु भाषा वाटली गेली, आणि ती वाटणी सर्वांत स्पष्ट कोठे दिसत असेल तर ती कचेरीत.

आमच्या मंडळासारख्याच एखाद्या मंडळाची कार्यकारिणी दोन्ही तीरांवर पाहावी. इंडोनेशियात अध्यक्षास 'केतुआ' म्हणतात. 'तुआ' म्हणजे वयोवृद्ध, तेव्हा हा शब्द आपल्या 'वडीलधारा' या कल्पनेच्या जवळचा. मलेशियात त्यालाच 'पेंगरुसी' म्हणतात. त्यात 'करुसी' म्हणजे आपली खुर्चीच आहे. अरबी भाषेतून ती त्यांच्याकडेही गेली आणि आपल्याकडेही आली. म्हणजे एकाकडे वडील, तर दुसऱ्याकडे इंग्रजी कल्पनेवर बेतलेला खुर्चीवाला. चिटणीस इंडोनेशियात 'सेक्रेतारिस' होतो, आणि हा सरळ डच शब्द आहे. मलेशियात तोच 'सेतियाउसाहा' होतो. वाचक क्षणभर थांबून हा शब्द मोठ्याने उच्चारतील तर त्यांच्या ध्यानी येईल, की यात संस्कृत 'सत्य' आणि 'उत्साह' हे दोन शब्द दडलेले आहेत. तिकडे 'सेतिया' म्हणजे निष्ठावंत आणि 'उसाहा' म्हणजे प्रयत्न. निष्ठेने खटपट करणारा तो चिटणीस! याहून यथार्थ व्याख्या आमच्या मंडळात तरी कोणाला सुचली नव्हती. राहिला खजिनदार. तो एका तीरावर 'बंदाहारा' आणि दुसऱ्यावर 'बंदाहारी' आहे. म्हणजे आपला भांडारीच.

या तीन पदांत सगळी गोष्ट सामावलेली आहे. भांडार वलंदेज येण्यापूर्वी होते, म्हणून त्याचे नाव दोन्ही तीरांवर एकच राहिले. मेज, कागद, आवक-जावक आणि नोंदवही घेऊन बसणारा आधुनिक चिटणीस मात्र परक्या राज्यकर्त्यांबरोबर आला, आणि म्हणून त्याच्या नावाचे दोन भाग झाले. जुन्या मानाच्या पदांची नावे तेथे बहुतांशी संस्कृत आहेत. जिल्ह्याच्या प्रमुखाला जाव्हात 'बुपाती' म्हणतात, तो 'भूपती', सरकारी वकील 'जाक्सा', तो 'अध्यक्ष', राजदूत 'दुता'. 'मंत्री' या शब्दाचे भाग्य तर विलक्षण. 'मंतरी' या रूपात तो मंत्रिमंडळात बसला, आणि 'मांत्री' या रूपात जाव्हाच्या खेड्यांतून देवी टोचीत हिंडला. कारण देवी टोचणारा आणि दवाखान्यातील परिचारक, हे दोघेही तेथे 'मांत्री'च. एकाच शब्दाच्या दोन मुलांपैकी एक राजधानीत आणि एक आडगावी, अशी ही स्थिती बदलीच्या नोकरीत असलेल्या वाचकांना अपरिचित वाटू नये.

आता वलंदेजी शब्दांकडे वळू. इंडोनेशियात कचेरीला 'कांतोर' म्हणतात. त्या कांतोरात 'दिरेक्तुर' असतो, 'सेक्रेतारिस' असतो, पैसे घेणारा 'कासिर' असतो, सभेचे इतिवृत्त लिहिणारा 'नोतुलिस' असतो, तपासणीस येणारा 'इन्स्पेक्तुर' असतो आणि जुन्या फायली सांभाळणारा 'आर्सिपारिस' असतो. खरेदीखत करावयाचे तर 'नोतारिस'कडे जावे लागते. दलाली करणारा तो 'माकलार'. पूर्वी याच कचेरीत 'क्लेर्क' आणि त्याच्या वर 'कोमिस' बसत, आणि दारावर 'ओपास' उभा असे. मूळ डच शब्द 'ओपासर', म्हणजे लक्ष ठेवणारा. शेपूट गळून त्याचा ओपास झाला.

या यादीकडे बारकाईने पाहिले असता दोन थर दिसतात. 'ओपास', 'कांतोर', 'कासिर' हे शब्द कानाने घेतलेले आहेत. लोकांनी ते ऐकले, आपल्या जिभेस सोयीचे केले आणि वापरले. आपण 'ऑफिसर'चा 'हापिसर' केला तसेच. 'दिरेक्तुर', 'इन्स्पेक्तुर', 'आर्सिपारिस' हे मात्र डोळ्याने, म्हणजे शाळेच्या आणि छापील कागदाच्या द्वारे आलेले दिसतात. वलंदेज सरकार आपल्या प्रजेशी व्यवहार बहुधा मलायीतच करी, आणि डच शिकण्याची संधी फार थोड्यांच्या वाट्यास येई. त्यामुळे डच ही घराची किंवा बाजाराची भाषा झाली नाही; ती कचेरीची खूण झाली. जो डच जाणे तो कचेरीत चढे, आणि जो कचेरीत चढे तो डच शब्द बरोबर घेऊन खाली उतरे.

येथे आमचा मुख्य प्रश्न उभा राहतो. १९४२ साली जपान्यांनी वलंदेजांस हुसकून लावले आणि डच भाषेस मज्जाव केला. त्याच वर्षी नव्या परिभाषेसाठी एक भाषामंडळही नेमले गेले. १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली; चार वर्षांच्या झगड्यानंतर २७ डिसेंबर १९४९ रोजी वलंदेजांनी सार्वभौमत्व सोडले. हे वैर काही सौम्य नव्हते. मग हे शब्द का राहिले? शत्रूला समुद्रापार घालविणाऱ्या लोकांनी शत्रूच्या मेजाची नावे मेजावरच का ठेवली?

'गुलामीची सवय' असे एका शब्दाचे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते पटत नाही, कारण सगळेच शब्द राहिले नाहीत. कोणते राहिले आणि कोणते गेले याची छाननी केली की उत्तराची दिशा दिसते.

गेलेले शब्द पाहा. 'रेसिदेन', 'असिस्तेन रेसिदेन', 'कोंत्रोलिर' ही वलंदेजी राजवटीची कणा असलेली पदे. ती आज इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. डच साहित्यातील एका थोर कादंबरीचा नायक असाच असिस्तेन रेसिदेन आहे. एडुआर्ड डौवेस देक्कर १८५६ साली जाव्हातील लबाक येथे याच पदावर होता. रयतेच्या पिळवणुकीविरुद्ध त्याने तक्रार केली, ती वरिष्ठांनी ऐकली नाही, आणि त्याने राजीनामा दिला. १८६० साली 'मुल्तातुली' या टोपणनावाने त्याने 'माक्स हाफेलार' लिहिली. या कादंबरीची रचना पदनामांच्या दृष्टीनेही पाहण्याजोगी आहे. रयतेसाठी झगडणारा नायक असिस्तेन रेसिदेन आहे. आणि त्याची कथा ज्याच्या हाती पडते, तो आमस्टरडॅमचा कॉफीचा दलाल, म्हणजे माकलार. एच. बी. यासिन यांनी या कादंबरीचा इंडोनेशियन अनुवाद केला, तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत नायकाचे पद देशातून नाहीसे झाले होते. दलालाचे पद मात्र जिवंत होते आणि आजही आहे. न्यायालयातील खटले पैशाने मिटवून देणाऱ्यास तेथे 'खटल्यांचा माकलार' म्हणतात. असिस्तेन रेसिदेन गेला, माकलार राहिला. काळाने केलेली यापेक्षा बोचरी टीका कोणता समीक्षक करू शकेल?

गेलेल्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा शब्द 'आम्तनार'. डच भाषेत त्याचा अर्थ केवळ शासकीय पदावरील माणूस. परंतु बेटांवर तो एका जातीचे नाव झाला. आम्तनार म्हणजे पांढऱ्या सुटातला, निवृत्तिवेतनाचा हक्कदार, रयतेपासून दहा पावले दूर चालणारा. अब्दुल मुइस यांची 'सालाह आसुहान' ही कादंबरी १९२८ साली निघाली. तिचा नायक हानाफी हा डच शाळेत शिकलेला मिनांगकाबाउ तरुण, सरकारी कचेरीतला नोकर. आईचे बोलणे, गावचा आचार, पत्करलेली पत्नी हे सारे त्याला हिणकस वाटते. तो अर्ज करून कायद्याने युरोपियनांच्या बरोबरीचा दर्जा मिळवितो आणि शेवटी कोठलाच राहत नाही. परप्रांती राहून आपल्या मुलांशी कोणत्या भाषेत बोलावे या विवंचनेत असलेल्या आमच्या वाचकांनी ही कादंबरी मिळवून अवश्य वाचावी. हानाफीला खाऊन टाकते ती डच भाषा नव्हे. खाऊन टाकतो तो दर्जा. स्वातंत्र्यानंतर इंडोनेशियन लोकांनी नेमका हा दर्जाचा शब्द टाकला आणि त्या जागी 'पेगावाई नगरी', म्हणजे देशाचा नोकर, हा शब्द घेतला.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा, की जे शब्द सत्ता सांगत होते ते सत्तेबरोबर गेले. जे काम सांगत होते ते कामाबरोबर राहिले. कासिर पैसे मोजतो, नोतारिस दस्तऐवज करतो, आर्सिपारिस फायली राखतो. ही कामे वलंदेजांची नव्हती. ती फक्त त्यांच्या काळी सुरू झाली होती. त्या खुर्चीवर जावानीज किंवा बाताक मनुष्य बसला त्याच दिवशी शब्द स्वदेशी झाला. शब्दाचे गोत्र जन्मावरून पाहावयाचे नसते, संसारावरून पाहावयाचे असते.

आता दुसऱ्या तीराकडे. मलायात इंग्रजांच्या कचेरीत कारकुनाला 'करानी' म्हणत, आणि हा शब्द इंग्रजी नव्हे. आम्ही नोकरीनिमित्त कोलकात्यास असल्यामुळे तो आम्हांस रोज ऐकू येतो. बंगाली शेजारी आमचा व्यवसाय 'केरानी' असाच सांगतात. 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरील नोकरांच्या यादीत करानी आहे. जहाजाचा हिशेब लिहिणे आणि उतारूंना पाणी वाटून देणे, ही त्याची कामे. त्याच जहाजाचा धनी 'नाखुदा'. तो आपल्या किनाऱ्यावर नाखवा झाला आणि मलायात 'नाखोदा'. म्हणजे हिंदी महासागरातील एकाच गलबतावरून नाखवा आणि करानी दोघेही पूर्वेस उतरले. हे वाचताना आम्हांस आमच्या व्यवसायाविषयी वाटू नये एवढा अभिमान वाटला! सुमात्रातील वलंदेजांच्या मळ्यांवरही हिशेबनीस 'क्रानी'च होता.

मलाया १९५७ साली स्वतंत्र झाला. आदल्याच वर्षी तेथे भाषा आणि साहित्य यांसाठी 'देवान बहासा दान पुस्ताका' ही संस्था निघाली होती. तिच्या नावातील 'भाषा' आणि 'पुस्तक' वाचकांनी ओळखलीच असतील. मलेशियाने कचेरीत स्वभाषेच्या घडणीचे शब्द बसविण्यावर अधिक भर दिला, आणि पुष्कळ शब्द सुरेख बसले. सेतियाउसाहा हे त्यांचे भूषण. तथापि स्वभाषेचा शब्द म्हणजे सर्व दोषांवर औषध, असे मानणाऱ्यांनी पुढील गमती पाहाव्या. 'पेजाबात' म्हणजे इंडोनेशियात अधिकारी. मलेशियात तोच शब्द कचेरीच्या जागेला लावतात. 'जाबातान' म्हणजे एकीकडे पद, दुसरीकडे खाते. मलेशियात कर्मचारीवर्गाला 'काकीतांगान' म्हणतात, अक्षरशः हातपाय; इंडोनेशियात कोणाला कोणाचे 'काकी तांगान' म्हणाल तर तो त्याचा हस्तक ठरतो आणि भांडायला उठतो. 'पेसुरुह' म्हणजे सांगकाम्या, कचेरीतील शिपाई. त्याला आपला 'जय' जोडला की 'पेसुरुहजाया' होतो, आणि त्याचा अर्थ आयुक्त! शिपाई आणि आयुक्त यांच्यात केवळ एका जयाचे अंतर असावे, हे तत्त्वज्ञान म्हणून उदात्त आहे. शिपायाला मात्र ते कोणी समजावून सांगितले नसावे.

आणखी एक चमत्कार. डच भाषेतील 'आत्सी' हा प्रत्यय इंडोनेशियनमध्ये 'आसी' झाला, म्हणून तेथे 'अद्मिनिस्त्रासी', 'ओर्गानिसासी' असे शब्द आहेत. आज इंग्रजीतून नवा शब्द आला तरी त्याला हाच जुना अंगरखा चढवून आत घेतात. हा अंगरखा सामुद्रधुनी ओलांडून मलेशियातही गेला. वलंदेजांचे राज्य ज्या प्रांतांवर कधी नव्हते तेथेही आज 'ओर्गानिसासी' म्हणतात. १९७२ साली दोन्ही देशांनी लेखनपद्धती एक केली. दोन साम्राज्यांनी तोडलेले दोन तीर अशा रीतीने एका डच प्रत्ययाच्या दोऱ्याने थोडेसे पुन्हा शिवले गेले.

परंतु निव्वळ नाव पालटून काय साधते, याविषयी आमच्या मनात शंका आहे, आणि ती शंका हाच या लेखाचा खरा विषय. वलंदेजी अमदानीत जाव्हातील देशी अधिकाऱ्यांच्या वर्गाला 'पांग्रेह प्राजा' म्हणत. म्हणजे राज्यावर हुकमत चालविणारे. स्वातंत्र्यानंतर एक शब्द बदलून 'पामोंग प्राजा' केले. म्हणजे राज्याचे पालन करणारे. किती सुंदर दुरुस्ती! आज मात्र हे नाव धारण करणारे नगर-पोलिस रस्त्याच्या कडेचे फेरीवाले हटविण्यासाठी प्रसिद्ध आहेत. ज्याची हातगाडी उचलून नेली त्याला पालन आणि हुकमत यांतील भेद कोणत्या कोशात दाखवावा? प्रामुद्या अनन्ता तूर यांची 'कोरुप्सी' ही कादंबरी १९५४ सालची. वर्षानुवर्षे सचोटीने राबलेला कचेरीतला बाकिर लाचेच्या मार्गाला कसा लागतो, हे तीत दाखविले आहे. वलंदेज जाऊन पाच वर्षेही झाली नव्हती. कादंबरीचे नावही डच शब्दाचेच, पण रोग आता घरचा होता.

कचेरीच्या तळाशीही हेच घडते. 'ओपास' हा शब्द जुना झाला. दाराशी आता 'सातपाम' उभा असतो; सुरक्षा-तुकडी या अर्थाच्या दोन इंडोनेशियन शब्दांचे तुकडे जोडून हे नाव केले आहे. मलेशियात सरकारी करानी 'पंबांतु तदबीर', म्हणजे प्रशासनाचा मदतनीस, झाला. आम्हीही यातून सुटलो नाही. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा आमच्या खोलीच्या दाराशी शिपाई बसे; सहाव्या वेतन आयोगानंतर त्याचे पद 'बहुकार्य कर्मचारी' झाले. साहेबांची घंटा वाजली की तो पूर्वीइतक्याच लगबगीने उठतो. एकदा आम्ही त्याला नव्या नावाविषयी विचारले. तो म्हणाला, "बाबू, नाव मोठे झाले, स्टूल तेच आहे." भाषाशुद्धीवरील कोणत्याही ग्रंथात आम्ही एवढे नेमके वाक्य वाचलेले नाही.

मराठीला हा अनुभव नवा नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत झाला. त्या कोशामागे स्वराज्य होते, रयतेच्या पिकाला हात न लावण्याची शिस्त होती. म्हणून त्या शब्दांना तेज होते. तरीही पुढच्या शतकात लोकांच्या तोंडी 'पंतप्रधान' मागे पडून 'पेशवा'च राहिला, आणि चिटणीस, फडणीस, पोतनीस हे तर आपली आडनावे होऊन घरांत नांदले. म्हणजे येथेही न्याय तोच: शब्द टिकविणारा कोशकार नव्हे, तर त्या पदावर बसून ते पद नीट चालविणारा माणूस.

मग कोश करूच नयेत काय? तसे आमचे म्हणणे नाही. सेतियाउसाहासारखा शब्द कामाला एक आदर्श देतो, आणि आदर्श फुकट जात नाहीत. आमचा आग्रह एवढाच, की नवा शब्द घडविताना किंवा जुना टाकताना आधी विचारावे, हा शब्द काम सांगतो की दर्जा? काम सांगत असेल तर तो फारसी असो, डच असो, की संस्कृत असो, त्याला खुशाल राहू द्यावे. दर्जा सांगत असेल तर तो शुद्ध संस्कृत असला तरी संशयानेच पाहावे. कारण आम्तनार हा कोणत्याही भाषेत जन्मू शकतो.

आमच्या सभेचा निकाल सांगावयाचा राहिला. सव्वा तासानंतर एक वृद्ध सभासद उठले. ते म्हणाले, "यंदा परगावाहून बदलून आलेल्या चार कुटुंबांना घर शोधून देण्याचे काम ज्याने केले, त्याला तुम्ही काहीही म्हणा, त्यांची मुले त्याला काका म्हणतात." ठराव मागे घेण्यात आला. कागदपत्रांवर आजही 'चिटणीस' आहे.